लुटूपुटूची डीपी

चक्कीच्या खोलीत मी अजून जुना पिवळा बल्ब ठेवला आहे. शंभरचा. गावात सगळीकडे एलईडी झाले, आमच्या घरातही झाले, पण इथला मी बदलू दिला नाही. लाईन कमी आली तरी एलईडी तेवढाच पांढरा दिसतो, नाहीतर एकदम विझतो. त्याच्याकडून काही कळत नाही. जुन्या बल्बातली तार मात्र सांगते. लाईन पुरती नसली की ती निखाऱ्यासारखी लाल राहते, थोडी भरली की पिवळी होते, आणि पूर्ण आली की तिच्याकडे पाहवत नाही. त्याला मी पांढरा म्हणते. बल्ब पांढरा झाल्याशिवाय मी चक्कीचं बटण दाबत नाही. मोटर दहा हॉर्सपॉवरची आहे. कमी लाईनीवर दाबलं तर ती नुसती घुमते, फिरत नाही, आणि थोड्या वेळात जळका वास सुटतो. तो वास मी एकदा घेतला आहे. तेव्हा मोटर वाइंडिंगला चिखलीला गेली आणि आठ दिवस गावातल्या बायका दळण घेऊन उंद्रीला जात होत्या.

मला बोलायला फारसं जमत नाही. शाळा चौथीत सुटली म्हणून नाही, शाळेतही मी बोलत नव्हते. हजेरीला नाव आलं की हात वर करायची. चक्कीत बोलण्याचं काम कमी असतं, आवाजात कुणाला ऐकूही येत नाही, म्हणून मला ते काम आवडलं. अडचण फक्त लाईन आल्यावरची. बायका डबे घेऊन दारात उभ्या, लाईन आलेली, आणि मी स्टुलावर बसून बल्बाकडे पाहत आहे.

"काय व, लाईन तर कवाचीच आली. चक्की काऊन बंद?"

"थांब माय, तिची बल्बाची पूजा होऊन राह्यली."

रोज तेच उत्तर द्यायचा मला कंटाळा यायचा. म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागले. तारखेच्या चौकोनात दोन वेळा. वरची लाईन आल्याची, खालची बल्ब पांढरा झाल्याची. कुणी विचारलं की बोट दाखवायचं. वरची लिहिलेली आहे, खालची अजून नाही, म्हणजे थांबा. वाचता न येणाऱ्या बायकांनाही ते कळायला लागलं. वर्ष संपलं की ते कॅलेंडर मी पिठाच्या डब्यांच्या फळीवर अंथरायची. अशी तीन वर्षांची कॅलेंडरं फळीवर एकाखाली एक होती.

आमची चक्की गावाच्या टोकाला, वावरांच्या बाजूला आहे. गावातल्या घरांना सिंगल फेज येतो, त्यावर चक्की चालत नाही. म्हणून तिचं कनेक्शन शेतीच्या डीपीवरून घेतलेलं आहे. डीपी म्हणजे खांबांवर बसवलेलं ट्रान्सफॉर्मर. आमच्या डीपीवर अकरा विहिरींच्या मोटरी आणि एक चक्की. लाईन आठ तास येते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. दिवसाच्या आठवड्यात मी दळते.

मागच्या हिवाळ्यात ही डीपी दोनदा जळाली. पहिल्यांदा गहू पेरून थोडे दिवस झाले होते. नवी डीपी यायला बारा दिवस लागले, लोकांनी वर्गणी करून ट्रॅक्टर पाठवला तेव्हा ती आली. दुसऱ्यांदा हरभरा फुलावर होता. तेव्हा वायरमन खांबाखाली उभा होता आणि विहिरीवाले सगळे त्याच्याभोवती जमले होते. डीपी चक्कीपासून जवळ आहे. मी आत होते, पण ऐकू येत होतं.

"लोड जास्त होऊन राह्यला, आबा," वायरमन म्हणाला. "आन् फ्यूजच्या जागी तुमी बोटाएवढी तार टाकता. मंग जाईन कोण? डीपीच जाईन."

आबा म्हणजे माझ्या मुलीच्या बाबांचे चुलते, माझे चुलत सासरे. सगळं गावच त्यांना आबा म्हणतं. त्यांची विहीर डीपीला सगळ्यांत जवळ आणि मोटर सगळ्यांत मोठी, साडेसातची. ते म्हणाले, "जास्त म्हंजे कोणाचा जास्त ते सांग ना. आमच्या मोटरी पाच-पाचच्या. चक्की दहाची, आन् दिवसभर गरगरते. हे तं लेकरूबी सांगन."

"तिच्या बल्बाले इचारा, आबा, कोणी जाळली ते," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

त्या दिवशी ठरलं की चक्कीचं कनेक्शन या डीपीवरून काढावं असा अर्ज ऑफिसला द्यायचा. अकरा विहिरीवाल्यांच्या सह्या घ्यायच्या. कनेक्शन काढलं की चक्की बंद. दुसरी डीपी गावठाणाची, ती आमच्या कामाची नाही. त्या अकरा सह्यांमध्ये एक मुलीच्या बाबांची होती. ते म्हणाले, माझी शेवटी घ्या. घरी येऊन जेवले आणि माझ्याकडे न पाहता वावरात गेले. त्यांचंही बरोबर होतं. गहू सुकत होता.

मुलगी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, विजेच्या शाखेत. संक्रांतीला घरी आली. कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचा होता, त्यासाठी लॅपटॉप आणला होता. घरात टीव्ही चालू असतो म्हणून ती चक्कीत येऊन बसायची. पिठानं लॅपटॉप खराब होईल म्हणून मी त्याच्यावर ओढणी टाकायची. ती ओढणीखाली डोकं घालून काम करायची.

शेजारच्या जाऊबाई दळण घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय करून राह्यली व ओढणीत?"

"लाईनीचं सॉफ्टवेअर आहे, काकू. ओपन सोर्स आहे."

"ओपन? मंग फी पुरी लागली असन."

"नाही काकू, फुकट आहे."

"ओपनले फुकट? हे माय, पह्यल्यांदाच ऐकून राह्यली मी."

मुलगी ओढणीखालून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं आम्हां दोघींना समजावून सांगितलं. ओपन म्हणजे उघडं. हे सॉफ्टवेअर कुणीही घ्यावं, आत कसं लिहिलं आहे ते उघडून पाहावं, चुकलं तिथं दुरुस्त करावं आणि दुरुस्त केलेलं परत सगळ्यांसाठी ठेवावं. मला हे खरं वाटायला वेळ लागला. चक्कीच्या दगडांना टाकी मारायला येणारा माणूस आपली छिन्नीसुद्धा कुणाच्या हातात देत नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये खांब, तारा, डीपी, घरं, मोटरी असं सगळं लिहून घालायचं. मग ते सांगतं की लाईन कुठे किती पोचेल, कोणती तार तापेल, डीपी टिकेल की नाही. एक आख्खा दिवस ते डोळा मिटायच्या आत चालवून दाखवतं. मोठ्या शहरांच्या स्मार्ट ग्रिडसाठी ते केलेलं आहे, असं ती म्हणाली. खरी वीज त्यात कुठेच नाही. ती त्याला एक इंग्रजी शब्द सांगायची, तो माझ्या तोंडात बसेना. मी त्याला लुटूपुटूची लाईन म्हणू लागले. दोन दिवसांनी तीही तेच म्हणू लागली.

शिकण्यासाठी त्यात एका परदेशी वस्तीची लाईन आधीच भरून ठेवलेली होती. घरं, घरं गरम करायचे हिटर, पाण्याच्या टाक्या, चार्जिंगच्या मोटारगाड्या.

"विहिरी कुठं आहेत?" मी विचारलं.

"नाहीत, आई."

"वावरं नाहीत का त्याइले?"

"असतील. पण यात नाहीत."

तिनं पडद्यावरची ती वस्ती पुसून टाकली. मग म्हणाली, "आपलीच डीपी टाकतो यात. मंग पाहू चक्की खरंच जाळते का."

तिनं हे माझ्यासाठी केलं की प्रोजेक्टसाठी, ते मी विचारलं नाही. दोन्हीसाठी असेल.

मी दळत होते आणि ती विचारत होती. कोणाची विहीर कोणत्या खांबावर. मोटर केवढी. कागदावर तीनची असली तरी प्रत्यक्षात पाचची कोणाची. हे सगळं मला माहीत होतं. बायका चक्कीत येतात तेव्हा दळणाबरोबर घरातलं सगळं येतं, आणि न बोलणारीपुढे माणसं जास्त बोलतात. खांबांमधलं अंतर तिनं स्वतः चालून मोजलं. चौथ्या दिवशी तिनं लुटूपुटूची लाईन सुरू केली. पडद्यावर अकरा ठिपके, एक चौकोन आणि वर डीपी. डीपी हिरवी होती, मग पिवळी झाली, मग लाल. तिनं चक्कीचा चौकोन काढून टाकला आणि पुन्हा चालवलं. डीपी पिवळ्यावर थांबली.

"आई," ती म्हणाली, "यात तं आबाच खरे निघून राह्यले."

मी सुपड्यानं खाली सांडलेलं पीठ गोळा करत होते. ते पूर्ण केलं. आपली चक्की डीपी जाळत असेल तर बंद व्हावी, असंही माझ्या मनात आलं. दुसऱ्याच्या गव्हाचं पाणी तोडून मी दळावं हे बरोबर नव्हतं. पण मग दिवसभर काय करायचं, हे मला सुचेना. चक्की माझ्या हातची होती. वावर मुलीच्या बाबांचं, घर सासूबाईंचं, आणि चक्की माझी, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं होतं.

संध्याकाळी भाकरी टाकताना मला एक प्रश्न पडला. मी विचारलं, "तुह्या त्या लाईनीत चक्की कवा सुरू होते?"

"लाईन आली की."

"आन् बंद कवा होते?"

"लाईन गेली की. आबा म्हणे ना, दिवसभर चालते."

"आबा कधी दळाले आले होते का?"

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला फळीवरचे डबे उतरवून कॅलेंडरं काढून दिली. पिठानं कडा पांढऱ्या झाल्या होत्या, पण आकडे दिसत होते. ती दारात उजेडाला बसली आणि एकेक महिना पाहत गेली. मी सांगितलं की चक्की आठ तासांतले फार तर तीन तास चालते, आणि बल्ब पांढरा झाल्यावरच सुरू होते. तिनं तसं घातलं, तेव्हा लुटूपुटूची डीपी जळाली नाही. मला बरं वाटलं. तिला नाही वाटलं.

ती म्हणाली, "आई, माह्या लाईनीत बल्ब दोन मिनिटांत पांढरा होते. तू इथं वीस-वीस मिनिटं लिहिली आहेत. तू बरोबर असशील तं माही लाईन चूक आहे."

मी म्हणाले, घड्याळ पाहून लिहिलं आहे.

"आन् पह्यले असं नव्हतं," ती म्हणाली. "हे पाह्य. दोन वर्षांआधी तीन मिनिटं, चार मिनिटं. एका दिवाळीपासून वाढत गेलं. सात, दहा, पंधरा. त्या दिवाळीनंतर काय झालं होतं गावात?"

मला लगेच कळलं.  गिऱ्हाईक आलं आहे असं म्हणून उठले. गिऱ्हाईक आलेलं नव्हतं.

त्या दिवाळीनंतर मुलीचे बाबा एका सकाळी पाय सुजवून घरी आले होते. रात्रीची पाळी होती. मोटर सुरू करायला अंधारात वावरात गेले, रानडुकरं अंगावर आली, पळताना नालीत पडले. महिनाभर काठीवर होते. मी घरात बोलते, बाहेर बोलत नाही. मी त्यांना म्हणाले होते की आपल्या मोटरीला ऑटो बसवा, नाहीतर उद्यापासून मी जाईन रात्रीची. ऑटो म्हणजे स्टार्टरला लावायची एक छोटी पेटी. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, माणसानं जायला नको. त्यांनी बसवली. आमच्या डीपीवरची ती पहिली. ती मला फार आवडली होती. मी चार बायकांना सांगितलंही, चक्कीत. मी आपणहून सांगितलेली ती एवढी एकच गोष्ट असेल. त्या बायकांनी घरी जाऊन सांगितलं. पुढच्या दिवाळीपर्यंत अकराही मोटरींना ऑटो होती.

हे सांगितलं तर आबा काय म्हणतील ते मला माहीत होतं. चक्की तुमची, पहिली ऑटोही तुमची. न सांगितलं तर चक्कीवरचा आरोप तसाच राहणार होता, आणि मुलीची लाईन चूक राहणार होती. एक दिवस मी तसाच जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "ऑटो टाक त्यात. पह्यले आपली टाक."

सॉफ्टवेअरमध्ये ऑटो नव्हती. तिकडच्या लोकांना लागत नसावी. सॉफ्टवेअर उघडं होतं म्हणून तिला ती स्वतः लिहून घालता आली. दोन दिवस लागले. मग तिनं चालवलं. लाईन आल्याबरोबर अकराही मोटरींनी एकदम ओढलं. सुरू होताना मोटर चालत्या मोटरीपेक्षा कितीतरी जास्त ओढते. लाईन इतकी खाली गेली की एकही मोटर नीट फिरेना, सगळ्या नुसत्या घुमत आणि ओढतच राहिल्या. मग दोन-तीन स्टार्टर तापून आपोआप बंद पडले, तेव्हा बाकीच्या फिरल्या. तिथं मिनिटं मोजली तर एकोणीस होती. त्या एकोणीस मिनिटांत डीपी लाल होती. चक्की बंद होती.

मुलगी कॅलेंडरकडे पाहत होती. मी बल्बाकडे.

आबा अर्ज घेऊन चक्कीत आले ते मुलीच्या बाबांच्या सहीसाठी. बाकी दहा सह्या झाल्या होत्या. मुलीचे बाबा वावरात होते. मी पदर पुढे घेऊन आतल्या बाजूला सरकले. आमच्यात सुनेनं सासऱ्यांशी, चुलत सासऱ्यांशी समोर बोलायचं नसे. आता नव्या सुना बोलतात. मी जुन्या रीतीतच राहिले, ती माझ्या सोयीची होती. बावीस वर्षांत मी आबांशी एक शब्द बोलले नव्हते.

मुलीनं त्यांना पडद्यावर सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग म्हणाले, "हे कुठची डीपी?"

"आपलीच, आबा. लुटूपुटूची."

"लुटूपुटूची जळाली म्हून खरीची जळते का व? उद्या म्हणशीन लुटूपुटूचा गहू झाला, घ्या खाऊन."

 मी मुलीला हळू आवाजात सांगितलं, ते तिनं मोठ्यानं आबांना सांगितलं. आई म्हणते, उद्या लाईन यायच्या वेळेला इथं येऊन बसा. चक्कीचे तिन्ही फ्यूज काढून तुमच्या हातात देते. बल्ब पाहा.

आबा म्हणाले, "तिचा बल्ब!" पण आले. नवी डीपी संक्रांतीच्या तोंडावर बसली होती, आणि तीही जाईल अशी त्यांनाही भीती असावी. बरोबर आणखी दोघे होते. मी चक्कीच्या बोर्डावरचे तिन्ही फ्यूज उपसले, मुलीनं ते आबांच्या हातात दिले, आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले. बल्बाचा फ्यूज वेगळा आहे. मग मुलगी तिच्या बाबांकडे वावरात गेली, ठरलं होतं तसं.

साडेनवाला लाईन आली. बल्ब लाल झाला आणि लालच राहिला. मी कॅलेंडरवर वरची वेळ लिहिली. बाहेर डीपी घुमत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आबांबरोबरच्या दोघांपैकी एक म्हणाला, "आबा, खिशात पाहा, चक्की चालू तं नाही ना?" आबा हसले नाहीत. त्यांनी खिसा चाचपून पाहिला मात्र.

थोड्या वेळानं ते बल्बाकडे पाहतच म्हणाले, "काऊन व, अजून लाल काऊन आहे हा?"

मुलगी तिथं नव्हती. दुसरी कोणी बाई नव्हती. प्रश्न मलाच होता.

"ऑटो," मी म्हणाले. आणि गप्प बसले तर ते अर्धंच राहील असं वाटलं, म्हणून पुढे म्हणाले, "पह्यली आमची. मीच लावाले सांगितली होती."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेही रीतीचेच होते. एवढ्यात मुलीचा फोन त्यांच्यातल्या एकाला आला, की बाबांनी आपली मोटर आणि ऑटो बंद केली. बल्बात काही फरक पडला नाही.

"पाह्यलं?" आबा म्हणाले. "काईच नाही."

मीही तेच पाहत होते. त्या वेळी मला वाटलं की चक्की गेली.

मग आबांनी स्वतःचा फोन काढला. का काढला ते मला सांगता येणार नाही. दहा मिनिटं लाल बल्बाकडे पाहिल्यावर माणसाला काहीतरी करावंसं वाटत असेल. त्यांनी वावरातल्या गड्याला सांगितलं, "बंद कर रे मोटर. हाव, ऑटोबी. कायले म्हंजे? मी सांगून राह्यलो म्हून."

बल्ब एकदा थरथरला. मग तार पिवळी झाली आणि पाहता पाहता पांढरी. खोलीतले आम्ही सगळे डोळे बारीक करून उभे होतो. बाहेर वावरांमधून मोटरींचा आवाज आला, एकीमागून एक, नीट फिरणाऱ्या मोटरीचा असतो तसा.

मी खालची वेळ लिहिली.

आबांनी खिशातून फ्यूज काढले. सुनेच्या हातात द्यायची रीत नाही, म्हणून चक्कीत दाणे ओतायच्या चाडीच्या काठावर एकेक करून ठेवले. "अर्ज राहू दे सध्या," असं त्या दोघांना म्हणाले आणि गेले. मी फ्यूज लावले. त्या दिवशी दळण बरंच तुंबलं होतं.

पुढे त्याच अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलीनं यादी लिहिली, कोणाची मोटर केव्हा सुरू व्हावी त्याची. ऑटोत वेळ लावता येते, लाईन आल्यावर इतक्या मिनिटांनी सुरू हो, अशी. तिनं लुटूपुटूच्या लाईनीवर बरेच क्रम चालवून पाहिले. लाईनीच्या शेवटी आहेत त्यांनी आधी, डीपीच्या जवळ आहेत त्यांनी नंतर, हा सगळ्यांत चांगला निघाला. म्हणजे आबा शेवटी. ते ऐकून पारावर आबा भडकले. "माही मोटर शेवटी? माह्या खांबावरून लाईन जाते तुमच्या वावरात!" तेव्हा वायरमन म्हणाला, "आबा, पंगतीत घरचा मालक शेवटीच बसते ना?"  आमची मोटर आबांच्या आधीची, म्हणजे शेवटून दुसरी.

अकराही जणांनी ऐकलं असं नाही. आठांनी ऑटोत वेळ लावून घेतली. दोघांनी मान हलवली आणि काही केलं नाही. आबांनी ऑटो काढून मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला, घरबसल्या मोटर सुरू करता येईल असा. पोरीनं लावलेल्या वेळेवर आपली मोटर चालणार नाही, असं ते म्हणाले. वायरमननं फ्यूजमधल्या जाड तारा काढल्या. कोणी परत टाकल्या का ते मला माहीत नाही.

मुलीचा प्रोजेक्ट झाला, आता ती पुण्याला नोकरी करते. तिनं लिहिलेली ऑटो तिनं त्या उघड्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांसाठी ठेवून दिली. त्यावर बाहेरच्या देशातल्या कुणीतरी विचारलं, की मोटर आपोआप सुरू का करायची, माणूस जाऊन बटण का दाबत नाही. तिनं मला फोन करून विचारलं, काय उत्तर देऊ. मी म्हणाले, लिही, वावरात डुकरं असतात. तिनं तसंच लिहिलं म्हणे.

जुने बल्ब आता चिखलीत मिळत नाहीत. मेहकरच्या एका दुकानात चार शिल्लक होते, ते मुलीच्या बाबांनी आणून दिले. चारही गव्हाच्या कोठीत आहेत. हा हिवाळा आता संपत आला आहे, डीपी टिकली आहे. रात्रीच्या आठवड्यात काय होतं ते मी पाहत नाही. दिवसाच्या आठवड्यात बल्ब सहा-सात मिनिटांत पांढरा होतो.

ती सहा-सात मिनिटं झाली की आबांचा फोन येतो. मोबाईलवर मोटर सुरू करण्याआधी ते मला विचारतात. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"काय म्हणते बल्ब?"

"पांढरा."

एवढंच. फोन बंद होतो आणि थोड्या वेळानं साडेसातच्या मोटरीचा आवाज येतो. मग मी चक्कीचं बटण दाबते. दारातल्या बायका आता मला विचारत नाहीत, आबांची मोटर ऐकू आली की डबे उचलतात.

काल फोन लवकर आला. बल्ब अजून लाल होता. लाल म्हणाले असते तरी चाललं असतं, पण तोंडातून दुसराच शब्द निघाला. मी म्हणाले, "थांबा."

ते थांबले.